घर विकण्याआधी घराकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहा

घर विकण्याची पाळी कुणावर हौसेने येत नाही. मुलीचे लग्न, घरातले मोठे दुखणे, मुलाचे नागपूरचे शिक्षण, नाहीतर भावाभावांतली वाटणी, असे काहीतरी कारण असते. हात अडलेला असला की माणूस घाई करतो आणि घाईत दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे हाती असलेला पैसा वरवरच्या नटवण्यात घालवायचा. दुसरी म्हणजे पहिले गिऱ्हाईक बोलेल त्या भावात घर देऊन मोकळे व्हायचे. वाडवडिलांनी उभारलेले घर एकदाच विकले जाते. तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आपल्या घरांत गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत असे काय आहे, ते आधी नीट पाहा.

गारवा झाकू नका

शहरातली घरे पाहून जुन्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करण्याची टूम गावोगावी आली आहे. विकण्यासाठी म्हणून हा खर्च मुळीच करू नका. मातीच्या भिंतीवर सिमेंट नीट धरत नाही. माती ओल घेते आणि सोडते. वरचे सिमेंट ती ओल आत कोंडून ठेवते. थोड्याच पावसाळ्यांत गिलावा फुगतो, पोपडे सुटतात, आणि पोपडे पाहिले की गिऱ्हाईक म्हणते, भिंतच गेली! त्यापेक्षा भेगा मातीने बुजवा, भिंत सारवून घ्या आणि वरून चुन्यात थोडी नीळ घालून हात फिरवा. खर्च थोडा येतो आणि घर उजळते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत दुपारची उष्णता लवकर आत येऊ देत नाही. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. हा गारवा विकत घ्यायला शहरात माणूस कूलर लावतो आणि विजेचे बिल भरतो. तुमचे घर गार असेल तर गिऱ्हाइकाला सकाळी बोलावू नका, भर दुपारी बोलवा. ओसरीवर बसवा, माठातले पाणी द्या. तुम्ही न सांगता घर स्वतःच बोलेल.

माकडांनी कवेलू फोडले, नीट शाकारणारे हात मिळेनात, म्हणून पुष्कळांनी छपरावर पत्रे टाकले. त्यात तुमचा दोष नाही. पण पत्र्याखाली दुपारी बसवत नाही हेही खरे. अशा घरात पत्र्याखाली मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत केले, तर उकाडा कमी होतो आणि खोलीला शोभा येते. वनाबाहेरच्या जमिनीत वाढलेला बांबू २०१७ साली भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे आपल्या बांधावरचा बांबू घराला वापरणे आता सोपे झाले आहे.

सागवानाची किंमत ओळखा

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेले ते आपल्याच जिल्ह्यांतून, बल्लारपूरहून. त्याच जंगलातले जुने, पक्के लाकूड कदाचित तुमच्या ओसरीच्या खांबांत आणि छपराच्या मयालीत असेल. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने ते काळे पडले म्हणून आपण त्यावर हिरवा-निळा तेलरंग फासतो. तसे करू नका. कोरड्या फडक्याने काजळी पुसा, बारीक काचकागद मारा आणि जवसाच्या तेलाचा हात द्या. लाकडाचा रंग खुलून येतो.

हे करताना प्रत्येक खांबाचे बूड तपासा. उधईची मातीची रेघ दिसली तर लाकूड ठोकून पाहा. पोकळ आवाज येणारा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. एका पोखरलेल्या खांबापायी गिऱ्हाईक साऱ्या घराची किंमत पाडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही गिऱ्हाइके घर राहायला घेत नाहीत, लाकडासाठी घेतात. "घर फार जुने झाले, पाडावेच लागेल," असे ती बोलतात आणि नजर मात्र मयालीवर असते. म्हणून भाव सांगण्याआधी खांब, मयाली, दारे, चौकटी मोजा. लांबी-जाडी वहीत लिहून ठेवा आणि ओळखीच्या सुताराकडून लाकडाची किंमत काढा. राहत्या घराचा भाव वेगळा काढा. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर असले म्हणजे कुणी फसवत नाही. लाकूड उतरवून न्यायचे ठरलेच, तर वाहतूक परवान्याची चौकशी आधी वन विभागाच्या कार्यालयात करा.

पाणी, न्हाणी आणि संडास

बाहेरगावचे गिऱ्हाईक, विशेषतः नोकरदार, बायकोमुलांना घेऊन येते. घर पसंत पडते की नाही हे बहुधा त्या बाईच्या मनावर असते. ती फरशी कमी पाहते. न्हाणीला दार आहे का, संडासात पाणी आहे का, सांडपाणी दारात साचते का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते का, हे ती आधी विचारते. थोडाच पैसा असेल तर तो इथे घाला. चुलीचा धूर बाहेर जायला झरोका करा. सांदवाडी झाडून काढा. कढीपत्ता, लिंबू, शेवगा यांची झाडे तोडू नका; ती घराच्या जमेची बाजू आहेत.

कागद आधी, बयाणा मागून

देखण्या घराचे सौदे कागदापायी मोडतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होते. तुमच्या गावची झाली असेल तर आखीव पत्रिकेवरचे नाव आणि क्षेत्र तपासा. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींना आधी विचारा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल कायद्यातल्या १९७४ च्या दुरुस्तीप्रमाणे पूर्वपरवानगी लागते. स्टँपवर लिहून दिले, पैसे घेतले, असा व्यवहार टिकत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा तर वारसांना जातो, पण विकता येत नाही. त्यावरच्या घराचा सौदा कुणी सुचवला तर दोघांनीही हात आखडता घ्या.

दोष लपवू नका

वैनगंगेच्या किंवा इरईच्या पुराचे पाणी घरात कुठवर येते, ते खूण दाखवून सांगा. ती खूण चुन्याने झाकू नका. कोळसा पट्ट्यात राहणाऱ्यांनी घराखाली जुनी खाण आहे का, हे स्वतःहून सांगावे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूस येथे एक राहते घर जमिनीत गडप झाले; माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. असा धोका माहीत असून दुसऱ्याच्या लेकरांना तिथे झोपवणे पाप आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदाही हेच सांगतो, की सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे.

खरे सांगितले तर भाव थोडा कमी येईल, पण सौदा मोडणार नाही आणि कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. शेवटच्या दिवशी देवघराचा कोनाडा पुसा, अंगणात सडा टाका आणि किल्ली हातात द्या. वाडवडिलांचे घर चांगल्या माणसाच्या हाती गेले, एवढे समाधान पैशाबरोबर तुम्हांला मिळावे.