शिफ्टिंग करताय? आधी बरणी सांभाळा!

पुण्यात जॉब लागला, फ्लॅट ठरला, वर्ध्याहून टेम्पो निघाला... आणि पहिलाच खोका उघडला तर आजीच्या लोणच्याच्या बरणीचे तीन तुकडे! ‘सांभाळून नेजो, बाई,’ एवढंच आजी म्हणाली होती. मी मात्र बरणीला एक पेपर गुंडाळला आणि वर पुस्तकं रचली. दोष कुणाला देणार?

आमच्या वर्ध्यातलं सगळ्यात फेमस शिफ्टिंग गांधीजींचं. ३० एप्रिल १९३६ रोजी ते मगनवाडीतून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. बापूकुटीतलं मोजकं सामान पाहिलं की वाटतं, यांना पॅकिंगचं कसलं टेन्शन! आपल्याकडे मात्र डिनर सेट, आरसा, टीव्ही...

काच फुटते ती अचानक बसणाऱ्या धक्क्यानं. मऊ थर तोच धक्का हळूहळू पोचवतो, बस्स! बबल रॅपचं कामही हेच. गंमत म्हणजे १९५७ मध्ये अमेरिकेत दोघं जण भिंतीला लावायचा वॉलपेपर बनवायला गेले आणि बनला बबल रॅप. पण आपण कापसाच्या जिल्ह्यातले! रजया, उशा, गोधड्या तशाही न्यायच्याच असतात, त्याच वापरा की.

हे नक्की करा

● प्लेट्स आडव्या रचू नका, उभ्या लावा. प्रत्येकीला वेगळा कागद. आधी कोरा, मग पेपर. नाहीतर शाई लागते.

● जड वस्तू खाली, हलक्या वर. खोका लहानच घ्या.

● बरणीचं झाकण वेगळं गुंडाळा. पोकळ बरणीत मोजे, रुमाल कोंबा.

● खोका हळूच हलवून बघा. आत खुडखुडलं तर अजून कागद भरा.

● आरशावर चिकटपट्टीची फुली मारा. टीव्हीसारखाच तोही उभाच न्या.

● ‘काच आहे’ हे खोक्याच्या बाजूंवर लिहा. वर दुसरा खोका आला की वरचं कोण वाचणार?

● बांधण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. विम्याचा क्लेम करायची वेळ आली तर कामी येतात.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीनं न बोलता दुसरी बरणी पुढे ठेवली. तिची शेवटची. या वेळी ती आजीच्याच जुन्या रजईत गुंडाळली. पुण्यात पोचल्यावर पहिला फोन तिलाच केला, ‘आजी, बरणी शाबूत आहे!’