खिन्न मन : आजार आहे, वेड नव्हे

मालवणात मधुमेहाची गोळी चारचौघांत घेतली जाते; मनाच्या आजाराची मात्र लपवून! का? तर लोक ‘वेडा’ म्हणतील.

दोन आठवडे किंवा अधिक काळ मन खिन्न राहणे, झोप-भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे होत. ही बाहेरची बाधा नव्हे, आळसही नव्हे.

अशा माणसाला उपदेश नको, सोबत हवी. कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या ‘कासव’ (२०१६) या सुवर्णकमळविजेत्या चित्रपटातील खचलेला तरुण आपुलकीनेच सावरतो.

देवाला गाऱ्हाणे जरूर घाला, पण रुग्णाला डॉक्टरांकडेही न्या. औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. ती मध्येच बंद करू नका. कोणी मरणाची भाषा केल्यास त्याला एकटे सोडू नका. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.