पाया खणण्यापूर्वी

लंडन शहराच्या जुन्या गाभ्यात वॉलब्रुक नावाच्या, आता जमिनीखाली गडप झालेल्या ओढ्याकाठच्या चिखलातून २०१० ते २०१४ या काळात रोमन अमलातील ४०५ लाकडी लेखनफलक बाहेर आले. त्यांतील एक साधा कर्जरोखा आहे. टिबुलस नावाच्या, दास्यातून मुक्त झालेल्या इसमाने ग्रेटस नावाच्या तशाच दुसऱ्या इसमाचे आपण १०५ दिनारी देणे लागतो अशी कबुली इसवी सन ५७ च्या ८ जानेवारीस त्यावर लिहून दिली आहे. फलकावरचे मेण केव्हाच नाहीसे झाले, परंतु लेखणीच्या टोकाचे ओरखडे खालच्या लाकडावर उमटून राहिले आणि तेवढ्यावरून तज्ज्ञांनी तो मजकूर लावला. ब्रिटनमध्ये तारखेसह मिळालेला याहून जुना हस्तलिखित दस्तऐवज आजवर ज्ञात नाही.

हा रोखा केवळ दैवयोगाने वाचला असे म्हणणे यथार्थ होणार नाही. पाणथळ मातीने लाकूड कुजू दिले नाही, हे खरे. परंतु त्या जागी ब्लूमबर्ग कंपनीची भव्य इमारत उभी राहावयाची होती, आणि इमारतीचा परवाना हवा असेल तर खालच्या जमिनीत काय दडले आहे याचा शोध पाया खणण्यापूर्वी, शास्त्रशुद्ध रीतीने आणि स्वतःच्या खर्चाने करवून घ्यावा, असा त्या देशाचा दंडक होता, म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना तेथे खोलवर आणि सवडीने काम करता आले. बांधकामाचे नियम म्हणजे विटा, वाळू आणि चटईक्षेत्र यांचा रुक्ष हिशेब, अशी आपली समजूत असते. इतिहासाचे कोणते पान वाचले जाईल आणि कोणते खोदयंत्राच्या दातांखाली चिरडले जाईल, याचा निवाडाही त्या नियमांच्याच एखाद्या पोटकलमात होत असतो, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

याच जागेचा पूर्वेतिहास फार बोलका आहे. महायुद्धातील बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या या भूखंडावर १९५४ साली कचेऱ्यांची इमारत बांधण्याचे काम चालू असता पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना मिथ्र देवतेचे रोमन मंदिर सापडले, आणि सप्टेंबर महिन्यात देवाचे संगमरवरी मस्तक मातीतून वर येताच ते पाहण्यासाठी हजारो नागरिकांच्या रांगा लागल्या. हा विषय चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. तथापि बिल्डरला थांबवू शकेल असा आधार त्या वेळच्या कायद्यात नव्हता. मालकाने सौजन्याने जी थोडीबहुत मुदत दिली तिच्यात काम उरकावे लागले, आणि मंदिराचे दगड उचलून पुढे दुसऱ्या जागी, मूळ रचनेशी फारसे इमान न राखता, रचण्यात आले. ते मूळ स्थानाजवळ परत यावयास २०१७ साल उजाडले.

सौजन्यावर विसंबलेली ही व्यवस्था १९८९ मध्ये पुरती उघडी पडली. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर फिलिप हेन्स्लो याने १५८७ मध्ये उभारलेल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचा पाया एका इमारतीच्या कामात उघडकीस आला. इंग्रजी रंगभूमीचे हे मूळपीठ वाचावे म्हणून पेगी ॲशक्रॉफ्ट, इयान मॅकेलन यांच्यासारखे नामवंत कलावंत रस्त्यावर उतरले, परंतु सरकारने संरक्षित स्मारक म्हणून नोंद करण्याचे नाकारले. बांधकामाचा परवाना आधीच दिलेला असल्यामुळे मागाहून संरक्षण जाहीर केल्यास नुकसानभरपाईचा मोठा बोजा सरकारी तिजोरीवर पडला असता. अखेर इमारतीचा नकाशा बदलून खांब अवशेषांच्या बाहेर नेण्यात आले आणि नाट्यगृहाचा पाया वाळू, काँक्रीट आणि पाणी यांच्या आवरणाखाली ओला राखून झाकण्यात आला. अवशेष वाचले, परंतु परवाना दिल्यानंतर जागे होण्याची किंमत काय असते, हे राज्यकर्त्यांना उमगले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, ‘पुरातत्त्व आणि नियोजन’ या विषयावरील सोळाव्या क्रमांकाचे मार्गदर्शनपत्रक सरकारने प्रसृत केले. हा कायदा नव्हता. परवाने देणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांसाठी काढलेली ती सूचनापत्रिका होती. तिने क्रम मात्र उलटा करून टाकला. अर्ज आला की प्रथम जुने नकाशे आणि नोंदी तपासाव्यात. जरूर वाटल्यास परीक्षणचर खणून पाहावेत. महत्त्वाचे अवशेष असतील तर शक्यतो ते जागच्या जागी राखावेत. ते न साधल्यास संपूर्ण उत्खनन करून नोंद ठेवावी आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याने सोसावा, अशी ही परंपरा तेव्हापासून रूढ झाली. २०१० मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये त्या पत्रकाची जागा नव्या धोरणांनी घेतली, तरी मूळ तत्त्व अबाधित आहे. लंडनच्या नव्या भुयारी रेल्वेच्या कामात लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या जुन्या दफनभूमीतील तीन हजारांवर सांगाडे २०१५ साली रीतसर उचलले गेले आणि त्यांतील काहींच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा छडा लागला, तो याच क्रमामुळे.

या दंडकाने पुरातत्त्वज्ञाचा पेशाही आमूलाग्र बदलून टाकला. पूर्वी विद्यापीठे, सरकारी खाती आणि हौशी मंडळी यांच्या हाती असलेले उत्खनन आता प्रामुख्याने बांधकामाच्या निविदेवर चालणाऱ्या संस्थांकडे गेले. नोकऱ्या वाढल्या, परंतु त्या बांधकामाच्या तेजीमंदीशी जखडल्या गेल्या. २००८ च्या आर्थिक अरिष्टात इमारती थांबताच शेकडो उत्खनकांचे रोजगार गेले. अहवालांचे ढीग तयार झाले, त्यांतील पुष्कळसे कधी छापलेच गेले नाहीत. ज्ञानाची निष्ठा आणि कंत्राटाची मुदत यांचा झगडा त्या क्षेत्रात आजही चालू आहे, आणि तो सहजासहजी मिटेल असे मला वाटत नाही.

त्याहून जवळून पाहण्याजोगा झगडा खुद्द चरात उभे राहिल्यावर दिसतो. पुरातत्त्वज्ञाला चराची बाजू ओळंब्यात, सरळ उभी हवी असते, कारण त्या उभ्या छेदावरच थर वाचता येतात: खाली राखेची काळसर रेघ, तिच्यावर चोपलेल्या जमिनीचा पिवळट पट्टा, त्यातून कोणी पुढे खणलेल्या खड्ड्याची कड. उलटपक्षी सुरक्षा अधिकाऱ्याला तीच उभी भिंत म्हणजे साक्षात धोका वाटतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या घरात जाते, आणि अशी भिंत कोसळली की गुडघे टेकून खुरपीने माती काढणाऱ्याला हलण्यासही अवसर मिळत नाही. म्हणून बाजू पायऱ्यापायऱ्यांनी मागे घ्यावी किंवा पोलादी पत्रे व आडवे धिरे लावून ती तोलून धरावी, असा आग्रह असतो. पत्रे लावले की छेद झाकला जातो. यास्तव थोडे खणावे, तेवढा छेद रेखाटावा, छायाचित्र घ्यावे, आधार द्यावा आणि मग पुन्हा खाली जावे, अशा टप्प्याटप्प्याने काम करण्याची रीत पडली. वेळ अधिक लागतो, पण माणूस वाचतो; मला तर या शिस्तीने नोंदीही अधिक काटेकोर झाल्या असे वाटते.

बांधकामावरील सुरक्षेसाठी ब्रिटनने १९९४, २००७ आणि २०१५ मध्ये नियमावल्या केल्या. २०१५ च्या व्याख्येत ‘बांधकाम’ या संज्ञेतून बांधकामपूर्व पुरातत्त्वीय अन्वेषण स्पष्ट शब्दांत वगळले आहे. याचा अर्थ पुरातत्त्वज्ञ मोकळा सुटला असा नाही. १९७४ चा कामगार सुरक्षेचा मूळ कायदा त्याला लागू आहेच, आणि मुख्य कंत्राटदाराच्या ताब्यातील जागेत त्याने पाऊल ठेवले की शिरस्त्राण, झगझगीत जाकीट, पोलादी टोकाचे बूट आणि कंत्राटदाराचे सर्व नियम त्याला बंधनकारक होतात.

महाराष्ट्राचा ब्रिटिश उत्खननाच्या परंपरेशी जुना ऋणानुबंध आहे. डॉ. हसमुख सांकलिया यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली इंग्लंडातील मेडन कॅसल येथे उत्खननाचे धडे घेतले. पुढे १९४४ मध्ये व्हीलर स्वतः भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. आणि सांकलियांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून नेवासे, इनामगाव येथे जी उत्खनने केली, त्यांनी दख्खनच्या आद्य शेतकऱ्याचे जीवन उजेडात आणले. उभा छेद वाचण्याची विद्या आपण त्या परंपरेकडून घेतली. त्या छेदाखाली बहुधा गावचा शेतमजूर उभा असतो, आणि त्याच्या जिवाची हमी हाही त्याच विद्येचा भाग मानला पाहिजे.

आमच्याकडील कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. १९५८ चा केंद्रीय कायदा, १९९२ ची अधिसूचना आणि २०१० ची दुरुस्ती यांनी संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरविले, त्यापुढील २०० मीटरांत परवानगीचे बंधन घातले आणि त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमले. शनिवारवाड्याच्या आसपास मोडकळीस आलेल्या वाड्यांतील कुटुंबांना या शंभर मीटरांचा काच किती जाणवतो, हे पुणेकरांना सांगावयास नको. त्यांची अडचण खरी आहे आणि तिचा विचार सहानुभूतीने झाला पाहिजे. परंतु माझी मुख्य तक्रार निराळी आहे. हा कायदा स्मारकापासूनचे अंतर मोजतो, जमिनीची खोली मोजत नाही. तीनशे मीटरांच्या पलीकडे, कसल्याही नोंदीत नसलेल्या जुन्या पेठेत किंवा गावठाणात दोन मजली तळघर खणावयाचे असेल, तर आधी परीक्षणचर घ्यावा अशी सर्वसाधारण सक्ती आपल्याकडे नाही. उरतो तो १८७८ चा गुप्तधनाचा कायदा, जो दहा रुपयांहून अधिक किमतीचे निधान सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावयास सांगतो. फुटक्या खापराला, जळक्या धान्याला, चुलीच्या राखेला बाजारात किंमत नसते, आणि आमचा खरा इतिहास तर बहुतांशी त्यांतच साठलेला असतो.

खेड्यापाड्यांत ज्यांना लोक पांढरीची टेकाडे म्हणतात, ती सारी पूर्वजांच्या वस्तीची टेकाडे आहेत. तेथील भुसभुशीत माती घरांच्या भिंतींसाठी आणि शेतांसाठी पिढ्यान्‌पिढ्या उपसली गेली. आता ती खोदयंत्राने एका दिवसात सपाट होते, आणि गावच्या दप्तरात त्याची नोंदसुद्धा राहत नाही.

धरणांच्या बाबतीत आपण शहाणपण दाखविले होते. कृष्णेवरील नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे १९५४ ते १९६० या काळात विस्तृत उत्खनन झाले आणि अनेक वास्तू उचलून उंचावर नेण्यात आल्या. जी तजवीज एका खोऱ्यासाठी करता आली, ती शहराच्या पेठांसाठी करता येणार नाही असे कोण म्हणेल? राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली २०२० साली लागू झाली आहे. तिच्यात गावठाणे, जुन्या पेठा आणि ज्ञात पांढरी यांपुरती तरी एक तरतूद जोडावी: तळघराच्या किंवा खोल पायाच्या परवान्यापूर्वी पुरातत्त्वज्ञाकडून परीक्षणचर आणि त्याचा दाखला घ्यावा, मोठ्या प्रकल्पांत खर्च बांधणाऱ्याने द्यावा, लहान घरमालकाचा भार पालिकेने उचलावा, आणि दाखल्यास ठरावीक मुदत असावी, म्हणजे कोणाचे घर अडून राहणार नाही. नगरसेवक, वास्तुविशारद आणि बांधकाम व्यावसायिक यांपैकी जे कोणी हा लेख वाचतील त्यांनी ही मागणी आपापल्या पालिकेत मांडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.