बाहेरचा गिलावा: कॅटलॉगमधला आणि पावसातला

घर बांधून होत आलं की बाहेरच्या भिंतींचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तो उलट्या क्रमाने निकालात काढला जातो. आधी रंगाच्या दुकानातला कॅटलॉग घरी येतो, त्यातलं एखादं ‘रस्टिक’ नाहीतर ‘स्टोन फिनिश’ सगळ्यांना पसंत पडतं आणि मग मिस्त्रीला फर्मान सुटतं, ‘हे असंच करून द्या.’ भिंत कोणत्या दिशेची, तिच्यावर छज्जा आहे का, गावात पाऊस किती, हे कुणी विचारत नाही. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत 3000च्या वर, महाबळेश्वरात 5000च्याही पुढे. कॅटलॉग मात्र तिन्ही गावांत एकच. त्यातून काही समजुती अशा पक्क्या बसल्या आहेत की घरमालकच काय, कधीकधी ठेकेदारही त्या शपथेवर सांगतो.

गैरसमज: भिंत जितकी गुळगुळीत तितकी टिकाऊ

प्रत्यक्षात बरोबर उलट आहे. सिमेंटचा गिलावा लोखंडी थापीने घोटून काढला की सिमेंटचा राप आणि वाळूतली बारीक भुकटी पृष्ठभागावर येते. वरचा हा पापुद्रा आतल्या थरापेक्षा जास्त आकसतो आणि त्याला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. मिस्त्रीने वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटाई केली असेल, तर हमखास. कोरड्या दिवसांत या भेगा डोळ्यांना दिसतही नाहीत. पहिला पाऊस पडून गेल्यावर, ऊन आलं आणि भिंत सुकू लागली की जवळ जाऊन बघा: बाकीची भिंत पांढरी पडलेली असते आणि भेगांच्या रेषा तेवढ्या ओल्या, काळ्या दिसत राहतात. पाणी तिथून आत शिरलेलं असतं.

खरखरीत फिनिशमध्ये हा पापुद्राच नसतो. सँडफेसमध्ये दोन थर असतात. पहिला 12 ते 15 मिलिमीटरचा, त्यावर 6 ते 8 मिलिमीटरचा दुसरा, आणि लाकडी रंधा किंवा स्पंज फिरवून वाळूचा दाणा वर आणलेला. रफकास्टमध्ये सिमेंट, वाळू आणि बारीक खडीचा माल भिंतीवर फेकून मारतात. मोठा दाणा असल्यामुळे आकसणं कमी आणि झालं तरी नजरेत येत नाही. शिवाय गुळगुळीत भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यांतून पाण्याच्या धारा लागतात आणि दोन वर्षांत काळे ओघळ उमटतात. खरखरीत भिंतीवर तेच पाणी पसरतं, तुटतं, एका रेघेत वाहत नाही. मुंबईतल्या जुन्या सोसायट्या आणि सरकारी वसाहती बघितल्या तर रफकास्ट आणि सँडफेस का दिसतात, ते यावरून कळेल. बाहेरच्या गिलाव्यासाठी भारतीय मानकही आहे, आयएस 2402, आणि ते 1963 सालापासून आहे. म्हणजे हा काही नवा शोध नव्हे.

खरखरीत भिंत धूळ धरते, ही तक्रार मात्र खरी आहे. हायवेला लागून घर असेल तर जाड दाण्याच्या फंदात पडू नये, बारीक सँडफेस पुरे. आणि आडव्या रेघांचं टेक्स्चर तर कुठेच नको. प्रत्येक रेघ म्हणजे धुळीची एक छोटी फळी, आणि कोकणात त्या धुळीवर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं. रेघा हव्याच असतील तर उभ्या घ्या, पाणी खाली निथळून जातं.

गैरसमज: टेक्स्चर मारलं की भेगा झाकल्या जातात

झाकल्या जातात, वर्षभर. केसाएवढी, थांबलेली भेग ॲक्रिलिक टेक्स्चरखाली गेली तर परत डोकं वर काढत नाही, एवढं खरं. पण विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम जिथे भेटतात तिथली भेग जिवंत असते. दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळे फुगतात आणि आकसतात, त्यामुळे टेक्स्चर कितीही महागाचं असलं तरी त्याच रेषेत फाटतं. त्यावरचा इलाज गिलावा करतानाच करायचा असतो: सांध्यावर चिकन मेशची फूटभर रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना सारखी, नीट ठोकून. जुन्या घरावर टेक्स्चर करायचं असेल तर आधी हातोड्याच्या दांड्याने भिंत वाजवत फिरा. जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. तो काढून नवा केल्याशिवाय वर टेक्स्चरचं वजन चढवण्यात अर्थ नाही.

गैरसमज: सिमेंट जास्त, तर गिलावा भक्कम

माल कालवताना मालक शेजारी उभा राहून ‘अजून एक घमेलं टाक’ म्हणतो, ते प्रेमापोटी. पण सिमेंट वाढलं की आकसणं वाढतं आणि भेगाही. बाहेरच्या गिलाव्याला 1:4 ते 1:6 च्या दरम्यानचं प्रमाण पुरतं. वरचा थर खालच्या थरापेक्षा कडक नसावा, हा नियम तर बहुतेक साइटवर रोज मोडला जातो. वाळूकडे मात्र बघायलाच हवं. मूठभर ओली वाळू तळहातावर चोळून टाकून द्या. हाताला मातीचा चिकट राप राहिला तर ती वाळू चाळून-धुऊनच वापरा. खाडीची वाळू असेल तर क्षारांमुळे भिंतीला लोणा लागतो आणि त्यावर कुठलाही रंग टिकत नाही. गिलावा झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारणं ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका. मे महिन्यात, पावसाच्या आत उरकायचं म्हणून केलेला गिलावा भेगाळतो, त्यात दोष बहुधा सिमेंटचा नसतो, तहानलेल्या भिंतीचा असतो.

गैरसमज: जांभा उघडाच शोभतो, गिलावा ही नुसती सजावट

कोकणात आणि गोव्यात सध्या उघड्या चिऱ्याच्या घरांची हौस आहे. दिसायला ती सुंदर असतात, यात वाद नाही. पण जुने गोवे इथल्या बॉम जेझुसच्या बॅसिलिकेकडे एकदा या नजरेने बघावं. 1594 मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या इमारतीच्या जांभ्याच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्तझार कास्त्रो यांच्या काळात तो काढून टाकण्यात आला. इमारत जुनी, अस्सल दिसावी, हा हेतू. तेव्हापासून सच्छिद्र जांभा गोव्याचा पाऊस थेट अंगावर घेतो आहे. 2020 मध्ये बॅसिलिकेच्या धर्मगुरूंनीच दगडाच्या झिजेबद्दल जाहीर काळजी व्यक्त केली आणि गिलावा परत चढवायचा की नाही, यावर वाद झाला. लोकांना ती लालसर भिंतच मूळ रूप वाटते, म्हणून तो वाद सोपा नाही. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल गिलाव्यात, पांढरं उभं आहे. दोन्ही एका फेरीत बघता येतात.

मग कोकणातली जुनी उघड्या चिऱ्याची घरं कशी टिकली? त्यांची पाखं भिंतीच्या बरीच पुढे आलेली असतात. पाऊस भिंतीपर्यंत पोचतच नाही, पागोळ्या लांब अंगणात पडतात. सपाट स्लॅब, छज्जा नाही आणि वर उघडा चिरा, हा मेळ कोकणात बसत नाही.

चुन्याबद्दलही असाच ग्रह आहे की तो जुनाट आणि कच्चा. चुना सिमेंटपेक्षा मऊ असतो, हे खरं. आणि तेच त्याचं बळ आहे. भिंतीतली ओल तो बाहेर जाऊ देतो, थोडी हालचालही सोसतो. जुन्या चुन्याच्या बांधकामावर कडक सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत सिमेंटची ढलपी दगडाचा पापुद्रा घेऊनच गळून पडते. वाडा किंवा जुनं कौलारू घर दुरुस्त करणाऱ्यांनी चुन्याचाच विचार करावा. मात्र चुन्याला सवड लागते, जाणता कारागीर लागतो आणि अधूनमधून सफेदी करावी लागते. ज्याला ‘एकदा केलं, दहा वर्षं बघायला नको’ असं हवंय, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

उरलेले, थोडक्यात

पीओपी बाहेर कधीच नाही. तो जिप्समपासून बनतो, पाण्यात हळूहळू विरघळतो. बाहेर पुट्टी लावायचीच तर व्हाइट सिमेंटची, आणि जाड टेक्स्चरखाली तिचीही गरज नसते. ‘वॉटरप्रूफ’ रंग बाहेरचा पाऊस अडवतो, पण बाथरूमची गळती किंवा गच्चीची ओल मागून आली तर त्याच रंगाचे फोड येतात. नव्या गिलाव्याला रंगाआधी निदान 28 दिवस द्या. तोवर त्यातला क्षार रंग खातो. विदर्भात गडद रंगाच्या भिंती हौसेने करणाऱ्यांनी 45 अंशांच्या उन्हात त्या भिंतीला हात लावून बघावा.

माझं मत विचाराल तर घाटाखाली पश्चिम आणि दक्षिण भिंतींना रफकास्ट किंवा सँडफेस, त्यावर चांगलं एक्स्टेरियर इमल्शन. टेक्स्चरची हौस पोर्चच्या आत, जिथे पावसाची झड येत नाही. ठरवण्याआधी ठेकेदाराकडून पश्चिमेच्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या, तो पुरता वाळू द्या, मग त्यावर पाइपने पाणी मारा आणि सुकताना जवळून बघा. आणि कोटेशनमध्ये मालाचं प्रमाण, थरांची जाडी, मेश आणि पाणी मारायचे दिवस लेखी घ्या. फिनिशचं नाव तर तो आपणहून लिहितोच.