डायलिसिस चार तासांचं, बाकी दोन दिवस घरच्यांचे: किडनीच्या रुग्णाची काळजी घरी कशी घ्यावी?

वाशिम : घरातल्या कुणाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या की डॉक्टर आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस सांगतात. एका वेळेला साधारण चार तास लागतात. मानोरा, कारंजा, रिसोडकडच्या खेड्यातून जाणं-येणं धरलं तर अख्खा दिवस जातो. पण मशीनचं काम तेवढ्यापुरतंच. पुढच्या डायलिसिसपर्यंत रुग्ण कसा राहील, हे बरंचसं घरच्यांच्या हातात असतं.

पाळी चुकवू नका

पेरणी आली, सोयाबीन काढायला आलं, घरात लग्न आहे, म्हणून "या वेळेस राहू द्या" असं होतं. रुग्णालाही एक-दोन दिवस बरं वाटतं. पण आत पाणी आणि पोटॅशियम साठत जातं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय अचानक बंद पडू शकतं. अडचण असेल तर आधीच सेंटरला फोन करून दिवस बदलून घ्या, पण पाळी सोडू नका.

पाणी मोजून, वजन रोज

किती पाणी चालेल हे डॉक्टर ठरवतात. साधारण हिशेब असा, की आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं, अधिक अर्धा लिटर. सकाळीच तेवढं पाणी बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक, वरण, भाजीचा रस्सा, बर्फ हे सगळं यातच धरायचं. उन्हाळ्यात तहान आवरत नसेल तर चूळ भरायला द्या.

रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. एक किलो वजन अचानक वाढलं म्हणजे अंगात साधारण एक लिटर पाणी साचलं. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन-अडीच किलोपेक्षा जास्त वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा.

नारळपाणी नको!

भेटायला येणारे प्रेमानं नारळपाणी, केळी, संत्री आणतात. या रुग्णाला मात्र त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. बटाटा, पालेभाजी कापून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. लोणचं, पापड, ठेचा यांतल्या मिठानं तहान वाढते. बाजारातलं 'कमी सोडियमचं' मीठही आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

डायलिसिस सुरू होण्याआधी डाळ, अंडी कमी करायला सांगतात. सुरू झाल्यावर उलट शरीराला जास्त प्रोटीन लागतं. त्यामुळे जुनं पथ्य तसंच चालू ठेवू नका, किती खायचं ते नव्यानं विचारून घ्या.

फिस्टुलाचा हात जपा

- त्या हातावर बीपी, सुई, सलाईन नको. गावातल्या डॉक्टरांनाही सांगा.
- त्या हातानं घागर, पोतं उचलू नये. घट्ट बांगडी, कडं, घड्याळ नको.
- रोज हात लावून आतली थरथर बघा. ती बंद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- रक्त येऊ लागलं तर स्वच्छ कापडानं बोटानं घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा.

अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून गोळी आणू नका. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या उरलीसुरली किडनीही खराब करतात. जडीबुटी, भस्माचंही तेच.

थांबू नका, 108 बोलवा

दम लागणं, आडवं झोपता न येणं, हातपाय एकदम गळून जाणं, छातीत धडधड, झटके. मानेत नळी असेल आणि थंडी वाजून ताप आला तरी लगेच दाखवा.

खर्चाचं काय?

वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात डायलिसिसची सोय आहे. तिथं आधी नंबर लावून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. 2023 च्या शासन निर्णयानं ही योजना सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली असून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या 'आरोग्यमित्रा'ला भेटा. हेल्पलाईन 155388. एसटीतही डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे. कोणते कागद लागतात ते आगारात विचारा.

प्रत्यारोपण हा पुढचा मार्ग आहे. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किडनी प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. घरातलं कुणी किडनी द्यायला तयार असेल तर डॉक्टरांशी लवकर बोला.

हे काम महिने-वर्षं चालतं आणि बहुतेक घरात ते एकट्या बायकोवर किंवा सुनेवर पडतं. सोबत कोण जाणार, वही कोण लिहिणार, हे घरात बसून वाटून घ्या. सांभाळणारं माणूसच आजारी पडलं तर रुग्णाची पाळी चुकते.