मुले सीमेपलीकडे, आईवडील गावी

निपाणी व बेळगाव परिसरातील कित्येक घरांत आज वृद्ध आईवडीलच राहतात. मुले नोकरीनिमित्त कोल्हापूर, पुणे वा मुंबईस असतात. राज्ये निराळी, मग निर्वाहखर्चासाठी दाद कोठे मागावी? २००७ च्या केंद्रीय कायद्यानुसार आईवडील जेथे राहतात तेथील किंवा मुलगा अथवा मुलगी जेथे राहते तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निपाणीकरांना त्यासाठी चिकोडीस जावे लागते. मिळालेल्या आदेशाची अंमलबजावणी मात्र मुलगा असेल त्या ठिकाणचे न्यायाधिकरणही करू शकते.

तथापि पैसे आले म्हणजे सांभाळ झाला, असे नव्हे. पाणी तापविणे, गोळ्या वेळेवर देणे, दवाखान्यात सोबत जाणे ही कामे कोणी करावयाची, हे भावंडांनी एकत्र बसून ठरवावे व लिहून ठेवावे. लेकीसुनांवर ती आपोआप पडतात, हे काही ठरविणे नव्हे. शेजारीण रोज डबा देत असेल, तर केवळ तिच्या माणुसकीवर विसंबू नये, मोबदला ठरवावा. कचेरीचे कागद बहुधा कन्नडमध्ये असतात. ते वाचून दाखविणारा गावातील एखादा विश्वासू तरुण अथवा शिक्षक हाताशी असावा. पासष्ट वर्षांवरील गरजूंसाठी असलेल्या संध्या सुरक्षा वेतनाचा अर्ज नाडकचेरीत द्यावा.

शेत वा घर मुलांच्या नावे करताना 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असे दस्तातच नमूद करावे. अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसल्यास ती सिद्ध करणे फार जड जाते. मार्गदर्शनासाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.