ढगातून धावपट्टीपर्यंत

पावसाळ्यात बुलढाण्याच्या राजूर घाटात ढग रस्त्यावर उतरले की गाडी बाजूला घेता येते. विमानाला ती सोय नाही. बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आपल्यापैकी बरेच जण छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यावरून उडतात. ढग खाली असले की तिथे वैमानिकाच्या मदतीला येते ती आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे एक अँटेना, टेकण्याच्या जागेशेजारी दुसरा. पहिला डावं-उजवं सांगतो, दुसरा साधारण ३ अंशांचा उतार. खरी गंमत पुढे आहे. अँटेनाच्या प्रत्येक रेडिओ लहरीवर ९० आणि १५० हर्ट्झचे दोन स्वर चढवलेले असतात. पहिल्या अँटेनाच्या लहरीत, विमान डावीकडे सरकलं की ९० चा जोर वाढतो, उजवीकडे १५० चा. दोन्ही सारखे झाले की वैमानिकासमोरचा काटा मधोमध. इतकं साधं!

आयएलएसच्या कॅटेगरी-१ या प्राथमिक दर्जात धावपट्टीपासून २०० फूट उंचीवर येईपर्यंत तिचे दिवेही दिसले नाहीत, तर पुन्हा वर. प्रवासी कुरकुरतात, मला मात्र असाच वैमानिक हवा.

लहान विमानतळांसाठी आता उपग्रहांवरचं ‘गगन’ आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान त्याच्याच आधारे राजस्थानात किशनगढला उतरलं. यासाठी धावपट्टीजवळ आयएलएससारखे अँटेने लागत नाहीत.